दोन बोटांची जागा

"आई, बाहर तो आओ एक मिनट. देख तो लो," सलीलने दारातूनच हाक मारली.

मी वाती वळत बसले होते. एकसष्ट झाल्या होत्या, चौदा राहिल्या होत्या. कापूस बाजूला ठेवला आणि भिंतीला धरून उठले. नगरा वस्तीतल्या आमच्या गल्लीत गाडी शिरली की सायकलवाल्याला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. तिथे आमची पांढरी गाडी उभी होती. जुनीच घेतलेली, दोन महिन्यांपूर्वी, पण आमच्या घरात आलेली पहिलीच. तिला चार नवी कोरी चाकं लागली होती, काळी-चंदेरी, चकचकीत. सलील कमरेवर हात ठेवून बाजूला उभा होता.

"कैसी लग रही है?"

मुलगा हौसेने काही दाखवत असला की आईने आधी मुलाच्या तोंडाकडे बघावं. मला का कळत नाही? पण एकोणीस वर्षं टायरच्या दुकानात काउंटरवर बसलेल्या बाईची नजर जायची तिथेच जाते. मी वाकले, चष्मा सरळ केला आणि टायरच्या अंगावर छापलेले आकडे वाचले. दोनशे पाच, पासष्ट, सोळा.

"आधी काय होते?" मला पाठ होते, तरी विचारलं.

"वन एटी-फाइव, सिक्स्टी-फाइव, फिफ्टीन."

"मग पासष्ट तसंच कसं ठेवलंस?"

"सेम सीरीज है, आई. गाडी में जो था वही दिया है उसने. बस रिम एक इंच बड़ी."

इथेच सगळे फसतात. शिकलेले जास्त फसतात. मधला पासष्ट म्हणजे काही गाडीचं गोत्र नव्हे, की पिढ्यान्‌पिढ्या तोच सांगायचा. तो टक्का असतो. टायर जेवढा रुंद, त्याच्या किती टक्के रबराची उंची, एवढंच तो सांगतो. रुंदी वाढवली, रिम वाढवली आणि टक्का तोच ठेवला की रिमही वाढते, रबरही वाढतं आणि अख्खं चाक फुगतं. मोठी रिम हवी, हौस आहे, घाला बापडे. पण मग रबर कमी करा. बाहेरून चाक होतं तेवढंच राहिलं पाहिजे. सोळाच्या रिमला एकशे पंच्याण्णव, पंचावन्न. हे मी तापात बरळतानाही बरोबर सांगेन.

सलीलचं चाक पाच सेंटिमीटरने मोठं झालं होतं. त्यातलं निम्मं वर चढलं होतं, मडगार्डच्या कमानीत. मी मागच्या चाकाच्या वरच्या फटीत दोन बोटं घातली. गेली.

"जा तो रही हैं," तो म्हणाला. ही दोन बोटं त्यालाही लहानपणापासून ठाऊक आहेत.

"रिकामी आहे म्हणून जातात. उद्या पाच जण बसणार आहोत. आत्ताच सगळ्यांना बसव, मग बघू."

"यहाँ? गली में, सबको बिठाके?" त्याने मागे पाहिलं. दारात त्याच्या सासूबाई, कल्याणीताई, जावयाची गाडी बघायला येऊन उभ्या होत्या. ग्वाल्हेरहून चार दिवसांसाठी आलेल्या. त्याने आवाज खाली आणला. "कारखाने में सबने बदलवाए हैं, आई. किसी को कुछ नहीं हुआ. दुकान घर में मत लाया करो, प्लीज़."

तो बिजौलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मी म्हटलं, "जुनी चाकं?"

"एक्सचेंज में दे दिए. ग्वालियर में."

म्हणजे परतीचा रस्ताही बंद. मी आत आले आणि उरलेल्या चौदा वाती वळल्या. त्या सगळ्या जाड झाल्या.

सलीलला मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र हिंदी. मी मराठीत विचारायचं, त्याने हिंदीत उत्तर द्यायचं, असं आमचं चौतीस वर्षं चाललंय. त्याच्या तोंडून मराठी निघतं ते फक्त अडचणीत. ताप चढला, नोकरी गेली, बाप गेला, अशा वेळी. त्यामुळे त्याचं मराठी ऐकायची मला फारशी हौस उरलेली नाही.

त्याच्या बापाचं सांगायला हवं, नाहीतर माझी बोटं म्हणजे म्हातारीचं खूळ वाटेल.

आमचे हे, रमाकांत, ग्वाल्हेर रस्त्यावरच्या त्याच दुकानात फिटर होते. हात चांगला, स्वभाव भिडस्त. गिऱ्हाईक म्हणेल ते लावून द्यायचे. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाची एक जीप आली. ड्रायव्हरला मोठे टायर हवे होते. ह्यांनी लावले, रिकाम्या जीपला हात फिरवून पाहिला, चाक कुठे घासत नव्हतं, दिली सोडून. त्या जीपमध्ये नऊ माणसं बसली. गाडी दबली आणि चिरगावच्या पुढे टायर पत्र्याला घासून घासून फुटला. मेलं कुणी नाही. ड्रायव्हरचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ह्यांना कुणी काही बोललं नाही, दुकानाचे मालक सेठजीसुद्धा नाहीत. ह्यांनीच स्वतःला सोडलं नाही. दर महिन्याला त्या माणसाच्या घरी जाऊन बसायचे. काय बोलायचे कुणास ठाऊक.

त्यानंतर दुकानात नियम आला. चाक वाढवायचं असेल तर गाडीत पाच माणसं बसवायची. गिऱ्हाईक, चौकीदार, समोरचा चहावाला, जो सापडेल तो. मग मागच्या कमानीत दोन बोटं घालायची. गेली तर गाडी सोडायची, नाही गेली तर नाही. लोक हसायचे. हे हसू द्यायचे.

हे गेले तेव्हा सलील पंधरा वर्षांचा होता. सेठजींनी मला काउंटरवर बसवलं. दुकानाने ह्यांच्या जागी मला खुर्ची दिली आणि मी तिच्याबरोबर ह्यांचा नियमही घेतला. आता मी एकसष्ट वर्षांची आहे आणि अजून रोज कुणीतरी येतो, काउंटरवर कोपर टेकतो आणि म्हणतो, "मैडम, ज़रा किसी जेंट्स को बुलाइए." मी आत हाक मारते, जमुना येतो. जमुनाप्रसाद अहिरवार, आमचा फिटर, ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "सो तो बाईसाब बतैहैं." ते मीच सांगायचं, म्हणून तो परत मशीनकडे जातो. अशी गंमत रोज एकदा तरी होते. पूर्वी मला हसू यायचं. आता नुसतं थकायला होतं.

तर उद्या आम्ही गुरसरायला जाणार होतो.

माझं माहेर गुरसरायचं. तिथे शशिकांतदादा राहतो, माझा एकुलता एक भाऊ. उद्या त्याची पंचाहत्तरी होती. दुपारी बाराला पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण, आणि ओवाळायची मी, कारण बहीण मी एकटीच. तीन वर्षं मी तिकडे गेले नव्हते. बसची पायरी माझ्या गुडघ्यांना चढवत नाही आणि सलीलला रजा मिळत नाही. दादाला काचबिंदू. माणसं आता त्याला सावल्यांसारखी दिसतात, उजेड तेवढा दिसतो. फोनवर म्हणाला होता, "बकुळे, ये. ताट समोर धरशील तेव्हा तुझं तोंड दिसेल मला." त्या दिवसापासून मी वाती वळायला घेतल्या होत्या. गाडी घेतली तेव्हा सलील म्हणालाही होता की लंबी ट्रिप पहली गुरसराय की, आई को लेकर. मला जायचंच होतं. गेल्या कित्येक वर्षांत दुसरं काही मी एवढं मनापासून मागितलेलं नव्हतं.

रात्री जेवताना पुन्हा एकदा बोलून पाहिलं. "अरे, काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी पासष्टने धावत असेल. काट्यालाही कळत नाही चाक वाढलंय ते."

"आई, खाना खाओ," सलील म्हणाला. दीप्ती, माझी सून, भात वाढत होती. तिने मला हळूच मान हलवून 'सोडा' असं सुचवलं. कल्याणीताई म्हणाल्या, "मला बाई त्यातलं काही कळत नाही. पण दिसतात मात्र छान." विषय संपला. आमची इरा सहा वर्षांची. ती मागच्या सीटवर मधे बसणार, एका बाजूला आई, एका बाजूला मी. पुढे कल्याणीताई, त्यांना मागे मळमळतं. म्हणजे माझ्याच खालचं चाक घासणार होतं. मी मेले तर मेले, पण बाजूला इरा होती.

पहाटे पाचला उठले. शेजारच्या मंदिरातलं भजन लाउडस्पीकरवर सुरू होण्याची वाट पाहिली. ते सुरू झालं तशी पर्समधली छोटी चावी घेऊन बाहेर गेले. वॉल्व्हमधली पिन काढायची चावी असते, बोटाएवढी. गाडीजवळ खाली बसायला मला वेळ लागला. चारही चाकांच्या पिना काढल्या. हवा सूं करत जायची, भजनात मिसळून जायची. चौथ्या चाकाशी माझा गुडघा अडकला आणि थोडा वेळ मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. स्वतःच्या मुलाची गाडी. ह्या वयात. मला खरंच लाज वाटत होती.

पण हिशेब मी केला होता. गाडी बसली की सलील जमुनाला बोलावणार, दुसऱ्या कुणाला ओळखत नाही. जमुना आला की पाच माणसं बसवणार, कारण त्याला दुसरी रीत माहीत नाही. आणि जमुनाचं सलील ऐकणार. जमुना जेंट्स आहे.

पिना चष्म्याच्या डबीत ठेवल्या आणि आंघोळीला गेले. मोतिया रंगाची चंदेरी साडी नेसले. वातींची पुडी, निरांजन आणि दादासाठी घेतलेलं उपरणं खांद्याच्या पिशवीत भरलं. बेसनाच्या लाडवांचा डबा दीप्तीकडे दिला.

साडेसहाला सलीलचा आवाज आला. काय बोलला ते लिहीत नाही. सासूबाई घरात आहेत हे तो विसरला होता. चारही चाकं जमिनीला टेकलेली बघून अर्धी गल्ली गोळा झाली, आणि ज्याच्या त्याच्या घरातल्या मुलांवर संशय घेऊन झाला. मी ओट्यावर उभी होते. मला वाटत होतं, माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. कुणी बघितलंच नाही.

"जमुना भैया का नंबर दो," सलील म्हणाला.

जमुना सात वाजता आला, मोपेडच्या मागे हवेचं छोटं मशीन बांधून. खाली बसला, पहिल्या चाकाच्या वॉल्व्हचं टोपण काढलं, आत पाहिलं. दुसऱ्या चाकाशी गेला. तिसऱ्या. चौथ्या. मग मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे लक्षात आलं की मी काय करून बसले होते. पिना काढल्यावर मी चारही टोपणं परत घट्ट लावून ठेवली होती. एकोणीस वर्षांची सवय. वॉल्व्हमध्ये धूळ जाऊ नये म्हणून. कुठलं उनाड पोर हवा सोडल्यावर टोपण लावून जातं?

"क्या हुआ है, भैया?" सलीलने विचारलं.

जमुनाने हातातलं टोपण मुठीत धरलं. "लरका-बच्चन की बदमासी है, भैया. और का." त्याने खिशातून नव्या पिना काढल्या आणि बसवायला लागला.

हवा भरून होईपर्यंत पावणेआठ झाले. जमुनाने हात पुसले, गाडीभोवती एक फेरी मारली, टायरचे आकडे वाचले आणि मान खाजवली. "भैया, जौ तो बड़ो साइज है. जानें कितने जने हैं?"

"पाँच."

"तो बैठ जाओ पाँचों. हम देख लेत."

"हाँ हाँ, चलो, देख लो," सलील म्हणाला. लगेच म्हणाला, तेही अख्ख्या गल्लीसमोर. आदल्या संध्याकाळी मी हेच, ह्याच शब्दांत सांगितलं होतं. असो. काम झालं म्हणून मी गप्प बसले.

आम्ही बसलो. सलील स्टिअरिंगवर, शेजारी कल्याणीताई, मागे दीप्ती, इरा आणि मी. मी खिडकीशी. गाडी माझ्या बाजूला दबली ते मला कळलं. मी काही हलकी बाई नाही. जमुना माझ्याच चाकाशी उकिडवा बसला आणि त्याने हात वर घातला.

"एक उँगरिया जा रई, बाईसाब," तो खालून म्हणाला. "दूसरी नईं जा रई."

"दुसरी अडकते कुठे? पत्र्याला की आतल्या प्लास्टिकला?"

"अब जौ तो आप देख लो."

मी बघते म्हटलं. नेहमीचंच ते. जमुनाला शंका आली की शेवटचं बोट माझंच असतं. दार उघडलं, पाय खाली टाकला, दाराला धरून उठले आणि चाकाशी जाऊन वाकले. हात कमानीखाली घातला. पहिलं बोट गेलं. दुसरंही गेलं.

क्षणभर मला कळलंच नाही. मग जमुनाकडे पाहिलं, तर तो खाली बघत होता. मी उतरले होते ना. मी उतरल्याबरोबर गाडी वर उचलली गेली होती. नियम करणाऱ्याने असा काही नियम केलाच नव्हता की बोटं घालणारी बाई आधी गाडीत बसलेली असली तर काय करायचं.

"गईं क्या?" सलीलने काच खाली करून विचारलं.

माझी बोटं अजून आत होती. एक बोट बाहेर काढून 'नाही जात' म्हणायला किती वेळ लागतो? कुणी वाकून बघणार नव्हतं. जमुना सकाळपासून माझ्यासाठी एकदा खोटं बोललाच होता, दुसऱ्यांदाही बोलला असता. गाडी राहिली असती, सगळेच राहिले असते, आणि मी एकटीच मागे राहिले असं झालं नसतं. हे सगळं मनात आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं दोनदा आलं.

"जातात," मी म्हणाले.

मी उतरले तेव्हाच बोटं गेली, म्हणजे गाडी चौघांनाच नेणार. हे सगळ्यांना दिसलं होतं. कल्याणीताईंनी दाराच्या कडीला हात घातला. "मी उतरते की. माझं काय आहे तिथे? त्यांचा भाऊ आहे."

"नहीं मम्मी, आप बैठिए. ऐसा थोड़ी होता है," सलील म्हणाला. बरोबरच होतं. चार दिवस आलेल्या सासूला जावई गाडीतून कसा उतरवेल? दीप्ती मांडीकडे बघत राहिली. सलीलने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. आठची बस गेली असणार, हे त्याला ठाऊक होतं. पुढची पोचेपर्यंत औक्षण होऊन पंगत उठली असती, हेही.

"आई," तो म्हणाला, "तू पुढच्या वेळी चल. मी नेतो ना तुला. तुला एकटीला नेतो."

मराठीत म्हणाला.

मला राग यायला हवा होता. आलाही, पण तो त्याच्यावर येईना. माझ्या पोटच्या पोराने मला गाडीतून उतरवलं नव्हतं, मीच उतरले होते. बोटंही माझीच होती. मी पदर सारखा केला आणि काचेशी वाकले.

"ऐक. काट्यावर पन्नास. त्याच्या वर एक नाही. चिरगावच्या पुढे रस्ता उखडलाय, तिथे चालत्या माणसाच्या वेगाने जा. वाटेत कुणी कितीही ओळखीचं भेटलं तरी बसवू नकोस. येताना तिकडून काही सामान भरू नकोस. आणि उद्या सकाळी गाडी दुकानात आण, मी पंचावन्नचे टायर मागवून ठेवते."

"हाँ, आई."

"आजी, तू?" इराने विचारलं.

"मला दुकान आहे गं. डबा मांडीवर धर. आजोबांना पहिला लाडू तू द्यायचा."

गाडी गल्लीतून मागे मागे जात बाहेर पडली. मागून मला चाक दिसत होतं. वर दोन बोटांचा अंधार होता, तो वळणापर्यंत तसाच दिसत राहिला. घासल्याचा आवाज आला नाही. गल्लीतले लोक आपापल्या घरात गेले.

जमुना मशीन मोपेडला बांधत होता. दोरी आवळून झाल्यावर त्याने माझ्यापुढे हात पसरला. "लाओ, बाईसाब. पिनें."

मी चष्म्याची डबी उघडून चारही पिना त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्याने त्या मोजल्या नाहीत, तशाच खिशात टाकल्या. "टोपी काय लगा दईं?" टोपणं का लावली, त्याने विचारलं.

"सवय."

"हओ," त्याने मान डोलावली. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "भैया होते तो बेऊ ऐसई करते." भैया म्हणजे आमचे हे. त्यांनीही असंच केलं असतं, असं त्याला म्हणायचं होतं. हवा सोडली असती की बोटं खरी सांगितली असती, ते मी विचारलं नाही.

रविवारी आमचं दुकान उघडं असतं. माझी रजा होती, पण घरात बसून घड्याळ बघण्यापेक्षा ते बरं. जमुनाच्या मोपेडवर मशीनला जागा होती, मला नव्हती. मी रिक्षा केली. चंदेरी नेसून काउंटरवर बसलेली बघून चौकीदाराने विचारलं, "आज कछू है का, बाईसाब?" मी म्हटलं, काही नाही. ऑर्डरच्या वहीत पहिली ओळ लिहिली: एकशे पंच्याण्णव, पंचावन्न, सोळा, नग चार.

सव्वाअकराला दीप्तीचा फोन आला. पोचलो, सगळं ठीक, आवाज बिलकुल नाही आला. मी देवाला हात जोडले. नंतर तिने फोन दादाला दिला.

"बकुळे," दादा म्हणाला. "सगळी उतरली. तू कुठेयस? मला दिसत नाही म्हणून विचारतोय."

"मी नाही आले, दादा."

"का गं? बरं नाही?"

"बरी आहे. गाडीत वजन जास्त होत होतं."

"तू कुठे एवढी जड असायला," तो म्हणाला. त्याने मला तीन वर्षांत पाहिलेलं नाही, आणि नीट पाहिलंय त्याला तर बरीच वर्षं झाली. त्याच्या डोळ्यांत मी कुठल्या वयाची राहिले असेन, देव जाणे. फोन कानाशी धरून मी रुमाल शोधायला पिशवीत हात घातला, आणि हाताला पुडी लागली.

निरांजन, उपरणं, वाती. सगळं माझ्याच खांद्याला राहिलं होतं. पिशवी खांद्यावर घेऊनच मी उतरले होते.

"दादा, वाती माझ्याकडेच राहिल्या रे."

"असू दे," तो म्हणाला. "घरात कापूस आहे. सूनबाई वळतील पटकन."

"पंचाहत्तर आहेत."

"असू दे गं."

फोन ठेवला. पुडी उघडून वाती काउंटरवर घेतल्या. एकसष्ट बारीक, चौदा जाड. हातावर धरून पाहिल्या, हाताला वजन काही लागलंच नाही. मग जमुनाने मशीन सुरू करायला मेन बटण दाबलं, त्याबरोबर वरचा पंखाही फिरायला लागला आणि वाती कडेने उडायला लागल्या. मी त्या दोन्ही हातांनी गोळा केल्या. चाक बॅलन्स करायला लावतात त्या शिशाच्या तुकड्यांचा डबा शेजारीच होता. त्यातला पन्नास ग्रॅमचा एक तुकडा काढला आणि वातींवर ठेवला.

बाराला पाच मिनिटं होती. काउंटरवर कुणीतरी कोपर टेकलं. मी वर पाहिलं आणि गाडी कुठली, आधीचा आकडा काय, ते विचारलं.